कार्डाच्या मागच्या ओळी

माझ्याकडे एकोणनव्वद कार्डं होती आणि सत्तेचाळीस नंबरचं नव्हतं. लग्न ठरताना मी हे बायकोला सांगून टाकलं होतं. लपवाछपवी नको, असा माझा विचार होता. तिने विचारलं, "एटीएमची?" मी म्हणालो, नाही, सुपरहीरोंची. ती म्हणाली, तिचा एक मामेभाऊ दारू पितो, त्यामानाने हे ठीक आहे.

कार्डं नव्वदच्या दशकातली. तेव्हा आम्ही संत तुकाराम नगरमध्ये राहायचो. शाळेच्या वाटेवरच्या टपरीत एक च्युइंगम मिळायचं. पहिलं अर्धं मिनिट त्याला गुलाबाची चव यायची आणि नंतर खोडरबराची. पण पाकिटात एक कार्ड असायचं. पुढे चित्र : कोणी उडतोय, कोणी भिंत फोडतोय, कोणी नुसताच हाताची घडी घालून रागावलाय. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत मजकूर आणि कोपऱ्यात नंबर. आम्ही चित्र बघायचो आणि नंबर बघायचो. मजकूर आमच्यापैकी कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. आम्ही मराठी शाळेतले. पुढे मला इंग्रजी यायला लागलं, पण तोवर न वाचायची सवय पक्की झाली होती. गम यायचं बंद झालं तेव्हा बाकीच्यांच्या आयांनी कार्डं रद्दीत घातली. माझी वाचली, कारण ती शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये होती आणि तो ड्रॉवर अडकून बसला होता.

आता मी चऱ्होलीत राहतो आणि चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंमधले दोष शोधणे हे माझं काम. आमच्या खात्यात एखादी वस्तू चांगली आहे असं कोणी म्हणत नाही. फार झालं तर ती पास होते. घरी आल्यावर मी हेच कार्डांचं करतो. प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात, चारही कोपरे भिंगाखाली तपासलेले. सत्तेचाळीस नंबरसाठी मी बऱ्याच ठिकाणी विचारलं होतं. मुंबईच्या एकाने ते आहे म्हणून कळवलं आणि फोटो पाठवला चौऱ्याहत्तरचा.

मग एके दिवशी कंपनीच्या बसमध्ये, शेजारी बसणारा डिस्पॅचचा सहकारी माझ्या मोबाइलवरचा फोटो बघून म्हणाला, "राव, असली कार्डं आमच्या सासऱ्यांकडं डबाभर आहेत."

"त्यांच्या मुलाची?"

"मुलाची कुठली? त्यांचीच."

पुढच्या रविवारी मी पिंपळे गुरवला गेलो. तिसरा मजला, दारात तुळस, आत सोफ्यावर सत्तरीच्या आसपासचे काका. ते मूळचे लातूरकडचे. पिंपरीतल्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं क्रेन चालवली होती. शेडच्या छताखाली रुळांवरून फिरते ती क्रेन. तिच्या केबिनमध्ये शिडीने चढून बसायचं आणि खालचे अवजड डाय, म्हणजे लोखंडी साचे, उचलून इकडून तिकडे न्यायचे.

"तंबाखू खायचो मी," काका म्हणाले. "पण वर थुंकायला जागा न्हाई. खाली थुंकावं तर सुपरवायझर. मग गेटवरच्या टपरीवाल्यानं हे गम दिलं. दिवसाला तीन लागायचे."

"तंबाखू सुटली?"

"सुटली की. दाढा गेल्या गमानं."

काकूंनी स्टीलचा डबा आणून दिला. त्यात कार्डं नंबराप्रमाणे लावलेली होती, मध्ये जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे तुकडे. मी हात धुऊन आलो आणि मोजत मोजत सत्तेचाळीसपाशी पोचलो. अंग काचेचं असलेली बाई. मी तिला फक्त एकदा पाहिलं होतं, चौथीत, एका वर्गमित्राच्या हातात, आणि तो पुढे सोलापूरला निघून गेला होता. काकांकडे सत्तेचाळीस नंबरची तीन कार्डं होती.

मी म्हणालो, "काका, ह्यातलं एक मला द्याल का? बदल्यात तुमच्याकडे नसलेली देतो. आठ आणि सहासष्ट माझ्याकडे डबल आहेत."

"देतो की," काका म्हणाले. "पण आधी माझं एक काम करा, साहेब. तुम्हाला इंग्लिश येतं न्हवं?"

"कंपनीपुरतं येतं."

"मग मागं काय लिवलंय तेवढं सांगा. तीस वर्षं झाली, चित्रं बघायलोय. ही माणसं नेमकी काय करायलेत ते काय कळालं न्हाई."

मी सत्तेचाळीस उलटं केलं. काकांनी ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि डब्यातलं पहिलं कार्ड दिलं.

"एकपासून," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, एका बैठकीत नव्वद कार्डं होतील. पहिल्या रविवारी चार झाली. प्रत्येक कार्डावर उंची, वजन, शक्ती आणि मग सहा-सात ओळींची हकीगत असायची. काका एकही गोष्ट तशीच सोडत नसत.

"वजन तीनशे वीस पौंड," मी वाचलं.

"किलोत सांगा."

मी मोबाइलवर हिशेब केला. "एकशे पंचेचाळीस."

"मग ठीक हाय. हुकाला काय न्हाई तेवढं. पुढं?"

"ह्याला उडता येतं."

"कशानं?"

"तसं लिहिलेलं नाही."

"लिवायला पायजे होतं," काका म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी तीच नाराजी पाहिली, जी ड्रॉइंगवर माप राहिलेलं दिसलं की माझ्या चेहऱ्यावर येते.

नवव्या कार्डापर्यंत एक गोष्ट आमच्या लक्षात आली. सगळे अनाथ होते. कोणाचे आईबाप स्फोटात गेले, कोणाचे बोटीवर, एकाचे प्रयोगशाळेत. काकूंनी पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता विचारलं, "आईबाप जित्ते असलेला एकबी न्हाई का ह्यात?" मी पुढची सहा कार्डं चाळून पाहिली. नव्हता.

दुसरी अडचण माझी होती. माझं इंग्रजी तपासणी अहवालांचं. 'आढळले', 'नाकारले', 'पुन्हा तपासावे' एवढ्यावर माझी नोकरी चालली आहे. कार्डांवर लोक शपथा घेत होते, सूड उगवत होते, अंधाराशी झुंजत होते. म्हणून मी शनिवारी घरी माझी कार्डं काढून पुढच्या चार-पाचांची तयारी करू लागलो. मुलीची जुनी डिक्शनरी घेतली. बायकोने दोन शनिवार पाहिलं आणि विचारलं, "परीक्षा आहे का?" मी म्हणालो, हो, तोंडी आहे.

एका कार्डावर 'नेमेसिस' असा शब्द होता. मी काकांना समजावून सांगितलं : असा शत्रू, जो आयुष्यभर पाठ सोडत नाही आणि ज्याला आपल्या सगळ्या खोडी माहीत असतात.

"भाऊबंद," काका म्हणाले.

मी डिक्शनरीत त्या शब्दापुढे पेन्सिलीने तसं लिहून ठेवलं.

एका रविवारी मला घाई होती. बायको मंडईत जायला दोन पिशव्या घेऊन आमच्या सोसायटीच्या गेटवर थांबणार होती आणि मला अकराच्या आत पोचायचं होतं. बाविसावं कार्ड मी भरभर उरकलं. "हा समुद्राखाली राहतो, माशांशी बोलतो, चांगला आहे," असं म्हणून तेविसावं घेतलं.

काकांनी बाविसावं कार्ड परत माझ्यासमोर ठेवलं, चष्मा वर केला आणि बोटाने मोजलं. "सात ओळी हायत. तुम्ही दोन सांगितल्या."

"बाकीचं तेच तेच आहे, काका."

"असू द्या की. तेच तेच सांगा."

मी बायकोला फोन करून उशीर होईल म्हणालो आणि सातही ओळी सांगितल्या. तिसऱ्या ओळीत होतं की त्या माणसाला पाण्याबाहेर एक तासच राहता येतं आणि त्याचं घर किनाऱ्यापासून दोन तासांवर आहे. हे मला माहीत नव्हतं. ते कार्ड माझ्याकडे तीस वर्षं आहे.

त्यानंतर मी काही गाळलं नाही. तरी एकतिसाव्या कार्डाला अडकलोच.

काकांच्या डब्यातली बाकीची कार्डं नीट होती. एकतीस नंबरचं मात्र मळकट होतं, चारही कोपरे गेलेले, मागे चिकटपट्टीचे पिवळे डाग. ते माझ्या भिंगाखाली आलं असतं तर मी लगेच बाद केलं असतं. चित्रात सिमेंटच्या रंगाचा एक आडदांड माणूस दोन्ही हातांनी अख्खा पूल डोक्यावर धरून उभा होता. खाली लोक पळत होते. काकांनी पहिल्याच दिवशी मला ते दाखवलं होतं. "हे माझ्या केबिनमध्ये होतं. एकोणीस वर्षं. काचेच्या वरच्या बाजूला. बगा, लोकं निसटेपर्यंत कसा धरून उभा ऱ्हायलाय."

मलाही लहानपणापासून तसंच वाटत होतं. शनिवारी तयारीला बसलो तेव्हा मी मागची बाजू पहिल्यांदा वाचली. तो खलनायक होता. त्याने पूल नदीवरून उपटला होता आणि शहरावर फेकणार होता. पाचव्या ओळीत त्याने तो फेकलाही.

मी बायकोला विचारलं, काय करू. ती म्हणाली, "सांगू नकोस. म्हाताऱ्या माणसाला काय मिळणार आहे हे कळून?"

"ओळी मोजतात ते."

"मग दुसरं काहीतरी सांग, तेवढ्याच ओळींचं."

मी प्रयत्न केला. एका कागदावर सहा ओळी लिहून काढल्या, ज्यात त्याने पूल लोकांसाठी धरून ठेवला आणि नंतर नीट जागेवर बसवला. वाचून पाहिल्या. चांगल्या होत्या. रविवारी तो कागद खिशात घेऊन गेलो. अठ्ठावीस झालं, एकोणतीस झालं, तीस झालं. काकांनी एकतिसावं माझ्या हातात दिलं, टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "ये गं, हे ऐकून जा." काकू ओले हात पदराला पुसत येऊन बसल्या.

मी वीस वर्षांत एकदाही खोट्या रिपोर्टवर सही केलेली नाही. ह्यात मोठेपणा काही नाही, मला ते जमत नाही; कान लाल होतात. मी कागद खिशातच ठेवला आणि जे होतं ते वाचलं. उंची, वजन, मग सहा ओळी. पाचवी वाचताना आवाज उगाच बारीक झाला.

काकू म्हणाल्या, "म्हंजे हा वाईट?"

"तसं लिहिलंय," मी म्हणालो.

काकांनी कार्ड घेतलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "धरला का त्याला शेवटी?"

"त्याबद्दल काही नाही लिहिलेलं."

"बरं."

चहा आला. काकांनी बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. मग एकदम सांगायला लागले. एकदा बारा टनांचा डाय हुकाला लटकलेला असताना वीज गेली. खाली लाइनवर माणसं होती. ब्रेक धरेल की नाही ते खालच्यांना माहीत नव्हतं आणि वर त्यांनाही माहीत नव्हतं. खालून सगळ्यांना हटवेपर्यंत, जनरेटर लागेपर्यंत, पाऊण तास ते केबिनमध्ये हात लिव्हरवर ठेवून बसले होते. हात लिव्हरवर ठेवून उपयोग काहीच नव्हता, ते त्यांनाही ठाऊक होतं. उतरून जायला शिडी होती. ते उतरले नाहीत.

"मेंटेनन्सवाल्यानं ब्रेक चांगला ठिवला होता म्हणून वाचलो," काका कार्डाकडे बघून म्हणाले. "ह्याचा काय संबंध न्हाई. पण वर आमी दोघंच होतो."

काकूंना ही गोष्ट माहीत नव्हती. हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. "कधी झालं हे?" त्यांनी विचारलं.

"झालं कधीतरी."

"अन् घरी येऊन काय सांगितलं न्हाई?"

"त्या दिवशी तू वांग्याची भाजी केली होती," काका म्हणाले, जणू ते कारण होतं. मग कार्ड डब्यात एकतिसाच्या जागी ठेवून मला म्हणाले, "त्यानं माझं काय वाईट केलेलं न्हाई, साहेब. बत्तीस घ्या."

काकू उठल्या नाहीत. त्या बत्तीसही ऐकत बसल्या आणि त्या रविवारपासून दर वेळी बसू लागल्या.

सत्तेचाळीस आलं तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता. काचेच्या बाईबद्दल सहा ओळी होत्या : ऊन तिच्या अंगात साठतं, सांजवेळी ती उजळते, तिला कोणी मिठी मारू शकत नाही. आणि हो, ती अनाथ. काकांनी वाचन संपताच तिन्ही कार्डं माझ्यासमोर मांडली. "घ्या. कोणतं पायजे ते."

मी भिंग काढलं. काकू म्हणाल्या, "सोनार दिसायलेत." मी तिन्हींचे कोपरे पाहिले, कडा पाहिल्या आणि मधलं घेतलं. आठ आणि सहासष्ट त्यांना आधीच दिलेली होती. घरी येऊन सत्तेचाळीस पाकिटात सरकवलं. नव्वद झाली. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता काय?" मी तासभर ती कार्डं बघत बसलो. तिचा प्रश्न बरोबर होता.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. कारण खरं सांगायचं तर काहीच नव्हतं. काम झालं होतं. गच्चीवर पाण्याची टाकी धुतली जात होती, ती बघायला गेलो. साडेदहाला फोन आला. काकू होत्या.

"साहेब, तब्येत बरी हाय न्हवं?"

"हो, बरी आहे."

"न्हाई, ह्यांनी डबा काढून ठिवलाय. विचार म्हणले." मग त्या म्हणाल्या, "अठ्ठेचाळीसवर ते कुत्रं हाय. त्याचं काय होतंय ते मलाबी ऐकायचंय."

मी तयारी केलेली नव्हती. भोसरीच्या सिग्नलला थांबून मोबाइलवर माझ्या कार्डाचा फोटो वाचला. कुत्रा अंतराळातून आला होता. त्याचे आईवडील जिवंत होते. मी हे पोचल्या पोचल्या चप्पल काढता काढताच सांगून टाकलं, आणि काकू आतून ओरडल्या, "देवा! एक तरी!"

बाकीची कार्डं दिवाळीच्या आधी संपली. नव्वदावं कार्ड म्हणजे नुसती यादी. बारीक अक्षरांत सगळी नावं, प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन. संग्राहकांमध्ये कोरं यादीचं कार्ड दुर्मीळ समजलं जातं, कारण पोरांनी तेव्हा सगळ्यांवर खुणा केल्या. काकांचं कोरं होतं, आणि माझ्याकडच्यापेक्षा चांगल्या स्थितीत होतं.

"ह्यात हकीगत नाही," मी म्हणालो. "नावं आहेत फक्त. आपल्याकडे आलं की समोर खूण करायची."

"मग वाचा नावं."

मी वाचायला सुरुवात केली. काकांनी टीव्हीवरचं बॉलपेन घेतलं आणि टोपण काढलं. माझ्या तोंडून "काका" एवढंच निघालं. त्यांनी वर पाहिलं.

"काय?"

"काही नाही," मी म्हणालो. "तो पहिला चौकोन."

ते सावकाश खुणा करत गेले, मस्टरवर करतात तशा, प्रत्येक नावाला जरा थांबून. कधी "हा पाण्यातला", कधी "हा खोटारडा" असं स्वतःशी म्हणत. पुढे एकतिसालाही जास्त थांबले नाहीत. इतरांसारखीच खूण केली. अडले ते फक्त त्याच्या आधी, एकोणिसाला. एकोणीस त्यांच्याकडे नव्हतं. त्या वेळी मी माझं आणून वाचून दाखवलं होतं आणि परत नेलं होतं. माझ्याकडे ते एकच होतं.

मी देतो म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं का, ह्याचा मी नंतर बराच विचार केला. तेव्हा मात्र नुसते कान लाल झाले.

"हे तुमच्याकडं हाय," काका म्हणाले.

"हो."

"ऐकलेलं तर हाय आपण." त्यांनी तो चौकोन रिकामा सोडला आणि पेन विसावर नेलं.

कार्ड गुळगुळीत असल्याने काचेच्या टेबलावर सरकत होतं. मी एका कोपऱ्यावर बोट दाबून धरलं आणि विसावं नाव वाचलं.